‘ह्याचं डोकं वेगळंच चालतंय’ : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी पत्रं वाचायला बसले आणि चार-पाच पत्रांत तेच वाक्य, ताई स्वभावाला औषध नसतं. कुणी पार्टनरबद्दल लिहिलंय, कुणी नवऱ्याबद्दल, एकानं तर स्वतःबद्दलच. मग म्हणलं यावेळी बाकीची पत्रं राहू देत, स्वभावाचीच घेऊया. नावं छापू नका म्हणून सगळ्यांनीच लिहिलंय, त्यामुळं फक्त गल्ली-गाव ठेवलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, उद्यमनगरात मी आणि माझा चुलतभाऊ मिळून मशीनशॉप चालवतो. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), तीन लेथ, १४ माणसं. पार्टीकडं म्हणजे गिऱ्हाइकाकडं जाणं, काम आणणं माझ्याकडं आणि शॉप त्याच्याकडं. भांडण एकाच गोष्टीवरनं होतंय. पार्टीनं ड्रॉइंग पाठवलं की मला त्याच दिवशी आकडा द्यायचा असतो, आणि हे म्हणतंय थांब, मटेरियल कुठलं बघू, जॉब धरायला फिक्श्चर लागंल काय बघू, मागच्या टायमाला पण असंच केलतंस. चार-चार दिवस जातात, तोवर पार्टी शिरोलीत दुसऱ्याला काम देऊन मोकळी. परवा चिडून माणसांसमोर बोललो, तुला धंदा करायचाय का शाळा काढायचीय? तवापासनं कामापुरतंच बोलतोय. माणूस सोन्यासारखा आहे, कष्टाला वाघ आहे, पण ह्याचं डोकं वेगळंच चालतंय. ह्याला जरा फास्ट कसं करायचं सांगा. (एक वाचक, उद्यमनगर)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही पटकन लिहून पुढं गेलाय, ‘मागच्या टायमाला पण असंच केलतंस’. मागच्या वेळी काय झालं होतं ते तुम्ही सांगितलंच नाही. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा. तुम्ही घाईत आकडा दिला असणार, मग बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, बघितल्यावर कळलं असणार की हे आपल्या मशीनवर एका सेटिंगमध्ये बसत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस रिजेक्शनचा ढीग बघत शॉपमध्ये तो उभा होता, तुम्ही नव्हता. तुम्ही बाहेर असता त्यामुळं तुम्हाला हातातनं गेलेली ऑर्डर दिसते, तो आत असतो त्याला भंगारात गेलेला जॉब दिसतो. दोघंही नुकसानच टाळायला बघताय, फक्त वेगवेगळं.

आता स्वभावाचं. विल्यम मार्स्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२८ साली एक मांडणी केली. त्या काळात मानसशास्त्र बरंचसं आजारी मनाबद्दलच बोलायचं, ह्यांनी मात्र चांगली धडधाकट, रोज कामाला जाणारी माणसं कशी वागतात ते लिहिलं, आणि वागण्याचे चार ढंग सांगितले. त्यावरनं पुढं दुसऱ्या लोकांनी प्रश्नावल्या काढल्या, आज कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये डिस्क (DISC) म्हणून जे देतात ते तेच. सोप्या भाषेत सांगायचं तर एक माणूस पुढं होऊन ताबा घेतो, आत्ता करू म्हणतो. दुसरा बोलून, हसून, माणसं जोडून काम करतो. तिसरा सगळ्यांना सांभाळून घेतो, त्याला गडबड-गोंधळ, रोजचे बदल नको असतात. चौथ्याला बारकावा लागतो, पुरावा लागतो, चूक झालेली खपत नाही. कुणीच नुसतं एक नसतो, थोडं थोडं सगळ्यात सगळंच असतं, पण अडचणीत सापडल्यावर आपला हात कुठल्या बाजूला जातो ते बघायचं. तुमचा पहिल्याकडं आणि दुसऱ्याकडं जातोय, भावाचा चौथ्याकडं. मला विचाराल तर मशीनशॉपला ही जोडी लाखात एक आहे. दोघंही तुमच्यासारखे असते तर आकडे धडाधड गेले असते आणि वर्षभरात शॉपला कुलूप. दोघंही त्याच्यासारखे असते तर कामच आलं नसतं.

माझ्या सासूबाई अशाच बारकाव्याच्या. महाद्वार रोडला साडी घ्यायला गेलो की मला पाच मिनिटांत एक आवडते आणि विषय संपतो, त्या मात्र काठ उलटा करून बघणार, पदराचे धागे नखानं चाचपणार, धुतल्यावर रंग जाईल काय विचारणार, मग ती साडी दारातल्या उजेडात नेऊन परत बघणार. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी शेजारी उभी राहून मनातनं चरफडायची, ह्यांना मुद्दाम मला थांबवायचंय असं वाटायचं. एकदा मी घाईत घेतलेल्या साडीला मधोमध सूत ओढलेलं निघालं, दिवाळीच्या आदल्या दिवशी, बदलून द्यायला दुकानदार तयार नाही. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी त्या दारातल्या उजेडात गेल्या तेव्हा मी साडीचं दुसरं टोक धरलं. त्या दिवशी मला कळलं की ह्या बाईची काळजी करायची पद्धत ही आहे. माणूस हळू चालला म्हणजे आपल्या विरोधात चालला असं नसतंय.

आणखी एक, हे सगळ्यांनाच लागू आहे म्हणून सांगते. आपली चूक झाली की आपण म्हणतो घाई होती, फोन येत होता, पार्टी मागं लागली होती. दुसऱ्याची झाली की म्हणतो त्याचा स्वभावच तसला. आपल्याला परिस्थिती, दुसऱ्याला स्वभाव. ली रॉस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, दुसऱ्याच्या बाबतीत परिस्थिती विसरून सगळं स्वभावावर ढकलायच्या ह्या सवयीला त्यांनी १९७७ मध्ये नाव दिलं, तिला मूलभूत आरोपण दोष म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पुढच्या वेळी ‘ह्याचं डोकं’ म्हणायच्या आधी त्याच्या टेबलावर त्या दिवशी काय काय पडलं होतं तेवढं बघा.

आता करायचं काय. त्याला फास्ट करायच्या नादाला लागू नका, ते होणार नाही आणि झालं तर तुमचंच नुकसान आहे. कोटेशनचे दोन भाग करा. ड्रॉइंग आलं की त्याच दिवशी पार्टीला सांगा, अंदाजे एवढ्यापासनं एवढ्यापर्यंत, पक्का आकडा परवा ११ वाजता. बहुतेक पार्ट्यांना उत्तर आलं एवढं दिसलं की त्या दोन दिवस थांबतात. भावाला ड्रॉइंग संध्याकाळीच द्या, समोर उभं राहून ‘आत्ता सांग’ म्हणू नका, बारकाव्याच्या माणसाला असं उभं राहून विचारलं की तो आणखी आवळून धरतो. ‘लवकर दे’ पण म्हणू नका. लवकर म्हणजे तुमच्या डोक्यात दोन तास असतात आणि त्याच्या डोक्यात दोन दिवस. ‘परवा ११ वाजता मी फोन करणार आहे, त्याच्या आधी तुला काय काय बघायचंय?’ असं विचारा आणि तो सांगेल ते कागदावर लिहा. मटेरियल, फिक्श्चर, टॉलरन्स, इन्स्पेक्शन, त्याचे प्रश्न साधारण तेच-तेच असणार. चार-पाच कोटेशनं झाली की त्याचीच एक छापील यादी होईल आणि चार दिवसाचं काम एका दिवसावर येईल. हे त्यालाच करायला सांगा, आवडीनं करेल.

आणि शाळेचं जे बोललाय ते माणसांसमोर बोललाय, तर चुकलं असं म्हणायचं ते पण माणसांसमोरच. भाषण नको. चहाच्या टायमाला सगळे असताना ‘त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, हा बघतो म्हणून आपला माल परत येत नाही’ एवढं एक वाक्य बास झालं.

प्रश्न : ताई, माझं माहेर संगमेश्वरकडचं, लग्न होऊन आठ महिने झाले, मंगळवार पेठेत असतो. एकत्र कुटुंब, ११ माणसं, सगळी खूप चांगली आहेत, खरंच. पण दिवसभर सगळे मोठ्यानं बोलतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात पण मॅचच असते. रविवारी तांबडा-पांढरा, पाव्हणे येतात, हसणं-खिदळणं, मला ऐकायला आवडतं पण दोन तासांनी डोकं जड होतं आणि मी वर खोलीत जाऊन बसते. मग खालून आवाज येतो, काय गं रुसलीस काय? मी नाही म्हणते तर कुणालाच पटत नाही. परवा नणंद म्हणाली वहिनी आमच्यात मिसळतच नाही. रडू आलं. माझ्यात काही कमी आहे का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : बाळा, तुझ्यात काही कमी नाही, आधी ते डोक्यातनं काढ. कार्ल युंग म्हणून स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख ह्या दोन वृत्तींबद्दल सविस्तर लिहिलं. बहिर्मुख माणसाचं मन बाहेर, माणसांकडं, गडबडीकडं धावतं आणि तिथंच ते ताजं होतं. अंतर्मुख माणसाचं मन आत वळतं, चार माणसांत राहिलं की त्याला थोडं एकटं बसावं लागतं. ह्यात लाजाळूपणा नाही. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील ही भीती असते, तू तर लिहितेस की ऐकायला आवडतं. तुला भीती नाही, तू दमतेस.

पण तुझ्या सासरच्यांची बाजू पण बघ हां. कोल्हापुरात, त्यात पेठेत, मोठा आवाज म्हणजे राग नसतो. ‘जेवलीस काय’ हे सुद्धा इथं गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं विचारतात. आणि इथलं माणूस रुसलं की गप्प होऊन उठून जातंय. म्हणजे तू दमून जातेस ते त्यांच्या भाषेत हुबेहूब रुसल्यासारखं दिसतं. ते वाईट मनानं विचारत नाहीत, त्यांना खरंच काळजी वाटते, आणि तू ‘नाही’ एवढंच म्हणून गप्प झालीस की ती काळजी आणखी वाढते.

त्यामुळं जाणं बंद करू नकोस, न सांगता जाणं बंद कर. ‘आई, मी अर्धा तास वर पडते, चहाला खाली येते’, हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि चहाला खरंच खाली ये. दोन-तीन रविवार असं झालं की कुणी विचारणार पण नाही. तुझ्या स्वभावाचं सासूबाईंना एकदा समजावून सांग, पण अकरा जणांत नको. तुझं बोलणं दोघींत खुलणार. लसूण सोलताना सांग, मेथी निवडताना सांग. हात कामात असले, नजर खाली असली की अवघड बोलणं सोपं जातं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असेल तेव्हा मिरच्यांची देठं खुडायला, डंकावर (चटणी कांडायच्या गिरणीवर) जायला तू आपणहून पुढं हो. त्या दोन दिवसांत मिसळणं म्हणजे काय ते नणंदेला पण दिसेल, आणि तुला अकरा माणसांसमोर उभं राहून बोलावं लागणार नाही.

नवऱ्याला हे पान वाचायला दे. रुसलीस काय हा प्रश्न खालनं आला की त्यानं उत्तर द्यायचं, ‘येईल ती चहाला’. एवढं त्यानं केलंच पाहिजे, आठ महिने एकट्या पोरीनं किती सांगायचं.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला एका कंपनीत आहे. ट्रेनिंगला बाहेरचे सर आले होते, कॉम्प्युटरवर टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला चार अक्षरांचा टाइप दिला. माझा रिपोर्ट वाचून मी थक्क झालो, अगदी माझ्याबद्दलच लिहिलंय. पण आता साहेब म्हणतात तू इंट्रोव्हर्ट निघालास, तुला सेल्सला पाठवायचं रद्द. मला तर सेल्सला जायचंच होतं. रिपोर्ट खोटा म्हणायचा तर तो बरोबर वाटतोय, खरा म्हणायचा तर गेलं सगळं. काय करू? (एक वाचक, कागल)

उत्तर : चार अक्षरं म्हणजे ती मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची टेस्ट असणार. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स ह्या अमेरिकन मायलेकींनी युंगच्या विचारांवरनं ती तयार केली, १६ प्रकार आहेत. दोघींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं ही त्यांची तळमळ खरी होती आणि गप्पा सुरू करायला ती टेस्ट चांगलीच आहे. अडचण अशी की ती माणसाला हा किंवा तो अशा खान्यात टाकते. काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात.

रिपोर्ट अगदी बरोबर वाटला, त्याबद्दल एक गोष्ट ऐका. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर ह्या मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला हे तुझं वर्णन म्हणून कागद दिला, किती जुळतंय त्याला पाचपैकी मार्क द्या म्हणाले. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या पुस्तकातली होती. तुम्ही मनानं चांगले आहात पण लोकांना तुमची किंमत कळत नाही, हे वाचून कुणाला आपलं वाटणार नाही सांगा. म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटाच आहे असं नाही, पण वाचून भारी वाटलं हा तो खरा असल्याचा पुरावा होत नाही.

आज अभ्यासक जास्त भरवसा ठेवतात तो पाच गुणांच्या मोजमापावर. नव्याची ओढ, शिस्त आणि नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळून-मिसळून घेणं आणि मन किती लवकर अस्वस्थ होतं, असे ते पाच. ह्यात खाने नाहीत, उंचीसारखं आहे, कुणी थोडा उंच, कुणी थोडा बुटका, बरेचसे मधले. आणि वयानं, कामानं, जबाबदारीनं हे हळूहळू बदलतं पण.

सेल्सचं म्हणाल तर ॲडम ग्रँट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी फोनवरनं विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास करून २०१३ मध्ये छापला. सगळ्यात जास्त कमाई बडबड्यांची निघाली नाही आणि गप्प बसणाऱ्यांची पण नाही, मधल्यांची निघाली, जे बोलतात पण आणि ऐकतात पण. साहेबांना हे सांगा. आणि हेही सांगा की माणूस नोकरीला घेताना निवडायला आमची टेस्ट वापरू नका असं ती टेस्ट चालवणारे स्वतःच सांगतात. भांडू नका, फक्त म्हणा, साहेब मला तीन महिने दोन जुन्या पार्ट्या सांभाळायला द्या, मग ठरवा. पार्टीचं नीट ऐकून घेणं, सांगितलेल्या तारखेला फोन करणं, हे तुम्हाला जमणार, पत्रावरनंच दिसतंय.

प्रश्न : नवरा रोज काही ना काही कारणावरनं ओरडतो, माझ्या माहेरचं काढतो, पोरांसमोर अक्कल काढतो. नंतर म्हणतो माझा स्वभावच फटकळ आहे, मनात काही नसतं, तू समजून घे. १२ वर्षं समजून घेतेय. अजून किती समजून घ्यायचं? (एक वाचक, करवीर तालुका)

उत्तर : आता नाही घ्यायचं, ताई. वरच्या तिन्ही पत्रांत मी समजून घ्या म्हणाले, तुम्हाला म्हणणार नाही. फटकळ माणूस तोंडावर खरं बोलतो, तो अक्कल काढत नाही. आणि एक बघा, हा फटकळपणा साहेबांसमोर, सावकारासमोर, मोठ्या भावासमोर निघतो का? तिथं जर तोंड आवरतं, तर ते घरात पण आवरता येतं. तो स्वभाव नाही, तो निवडून केलेला अपमान आहे. शिव्या देणं, सतत टोचून बोलणं हे सुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतं, मारलंच पाहिजे असं नाही. महिलांसाठी १८१ ला फोन करता येतो, मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि माहेरी सांगा. १२ वर्षं झाकून ठेवलंय असं पत्रावरनं वाटतंय.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला, आई गेली दोन वर्षांपूर्वी, बाबा गंगावेशीत एकटेच. रोज फोन करतो. ‘जेवलास काय? बरं. ठेवू?’ एवढंच, एक मिनिट पण होत नाही. कसं वाटतंय, आईची आठवण येते का विचारलं तर म्हणतात मला काय झालंय. घरी गेलो की मी निघायच्या आधी गाडी पुसून, हवा मारून, टाकी फुल करून ठेवलेली असते. पण बोलत नाहीत. (एक वाचक, मूळ कोल्हापूर)

उत्तर : टाकी फुल केली म्हणजे बोललेच की ते. तुमच्या बाबांच्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांना भावनांबद्दल कुणी कधी विचारलंच नाही, त्यामुळं ‘कसं वाटतंय’ ला त्यांच्याकडं शब्द नाहीत. कामाबद्दल मात्र भरपूर आहेत. फोनवर काहीतरी विचारा ज्याचं उत्तर त्यांनाच येतं. गाडी सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेतेय, काय बघू? आई कटाची आमटी करायची त्यात गूळ आधी घालायची का नंतर? हा दुसरा प्रश्न आईचाच आहे, फक्त दुसऱ्या दारानं आत गेलाय. आणि समोरासमोर बसवून विचारू नका, शेजारी बसा. पुढच्या वेळी आलात की संध्याकाळी दोघं मिळून गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जा, तिथनं तसंच चालत रंकाळ्यावर, आणि निदान तासभर तुम्ही काही विचारू नका.